आधी जागा विचार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातल्या अडीचशे कलाकृती, दहा विभाग, प्रत्येकीचं कार्ड तयार, आणि तरीही डोक्यात सगळा काला झालाय, म्हणून हा विषय सोडून अर्थशास्त्र घेऊ का, असं विचारतेस. विचार की, त्यात काही गैर नाही. पण शेवटी जे लिहिलंयस, ‘कोल्हापुरात बसून जगाची कला कशी कळणार, इथे बघायला आहे काय’, त्याचा मात्र मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

तुझं नटराजाचं कार्ड बघितलं. चोळ, अकरावं शतक, ओतीव कांस्य. डमरू म्हणजे निर्मिती, ज्वाळा म्हणजे संहार, पायाखालचा अपस्मार म्हणजे अज्ञान. सगळं बिनचूक. पण अशा मूर्तींच्या पीठाला भोकं असतात, ती कशाला, हे कुठंच नाही. त्यातून दांडे घालून देवाला खांद्यावर घ्यायचे, गं! ही उत्सवमूर्ती. वस्त्रं नेसवून, हारांनी झाकून ती रस्त्यानं निघायची. तिचा तो डौलदार उचललेला पाय मिरवणुकीत कितीजणांना दिसत असेल? न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ती दिव्याखाली उघडी उभी आहे, आणि आपण त्या उघडेपणालाच मूर्ती समजून बसलोय. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाताना तू लहानपणापासून बघतेस. तुला हे सांगायला परदेशातलं पुस्तक कशाला लागतं?

म्हणून म्हणतो, आधी जागा विचार. वस्तू कुठं होती, तिच्यासमोर कोण येत होतं, कुठल्या वेळी येत होतं. कर्ता मागाहून, शैली त्याच्याही मागाहून.

तुझ्या यादीतला तो पंखवाला, माणसाच्या तोंडाचा अश्शूरी बैल घे. त्याला पाय पाच. तू ‘वैशिष्ट्य : पाच पाय’ असं लिहून मोकळी झालीस. अगं, तो इराकातल्या खोरसाबादला सारगोन राजाच्या शहरात दाराशी उभा होता. समोरून येणाऱ्याला दोन पाय दिसतात, बैल थांबलेला. दारातून आत शिरताना बाजूनं चार दिसतात, बैल चालायला लागला. दार काढून घेतलंस तर पाचवा पाय ही कारागिराची चूक वाटेल. इझेनहाइमच्या वेदीचित्रातला ख्रिस्त फोडांनी भरलेला, हिरवट पडलेला का? कारण ते चित्र जिथं होतं तिथले मठवासी अर्गट या धान्यावरच्या बुरशीच्या विषबाधेनं अंग जळणाऱ्या रोग्यांची शुश्रूषा करत. ते रोगी त्याच्याकडे बघायचे. आणि लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ मिलानच्या मठात जेवणघराच्या भिंतीवर आहे, खाली साधू जेवायला बसत. आधी जागा विचार, तारखा आपोआप चिकटतात. न चिकटल्या तर मला बोल लाव.

तू म्हणशील, सरांना सोपं आहे बोलायला. नाही, सोपं नव्हतं. मला मुंबईला जे. जे.च्या कलाशाळेत जायचं होतं, घरच्या परिस्थितीनं जमलं नाही. युरोपातलं एकही मूळ चित्र मी आजवर समोर उभं राहून पाहिलेलं नाही, आणि आता या गुडघ्यांनी ते होणारही नाही. त्याची खंत आहे. काडेपेटीएवढ्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवर मी शिकलो आणि त्यांच्यावरच शिकवलं. चित्राचा रंग दिसत नाही, आकार कळत नाही, मग विचारायचं तरी काय? जागा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या पोरांना मी 9, 10, 11 नोव्हेंबरला वर्गातून उठवून अंबाबाईच्या महाद्वाराकडे न्यायचो. मावळतीचा किरण आत सरकत पहिल्या दिवशी देवीच्या पावलांशी, मग छातीशी, मग चेहऱ्यावर कसा जातो ते बघा म्हणायचो. आमच्या एका मुख्याध्यापकांच्या मते हा वेळेचा अपव्यय होता, स्थिरचित्राचा सराव करून घ्या म्हणायचे. घेतला नाही. पोरांचे गुण थोडे कमीही आले असतील. पुन्हा मास्तर झालो तर पुन्हा नेईन.

आणि ‘इथे आहे काय’ म्हणतेस? टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये कधी गेलीस? तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडन आहे. रोमन जगातला समुद्रदेव, छोटासा, कांस्याचा. समुद्र पार सह्याद्रीपलीकडे आणि हा पंचगंगेच्या काठी! कुणी आणला, सातवाहनांच्या काळातल्या त्या वस्तीत तो कुठल्या फळीवर उभा होता, त्याला कुणी फूल वाहिलं की नुसता शोभेला ठेवला? तुझ्या अडीचशेत तो नाही म्हणून त्याच्यासमोरून पुढं जाऊ नकोस. दहा मिनिटं थांब.

विषय सोडायचा की नाही ते तुझं तू ठरव, तुझ्या आईबाबांशी मी बोलणार नाही. पण ठरवायच्या आधी एकदा खिद्रापूर कर. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या कार्डावर तू ‘घुमटाला वर्तुळाकार छिद्र’ लिहिलंयस. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपालाही छत वर्तुळातच उघडं सोडलंय, आणि बरोबर खाली गोल रंगशिला आहे. आता दोन्हीकडे ऊन कुठं पडतं ते विचार. रोम इतकं उत्तरेला की तिथं सूर्य कधीच ऐन डोक्यावर येत नाही. उजेडाची चकती हिवाळ्यात घुमटावरच राहते, उन्हाळ्यात जमिनीवर उतरते, पण मधोमध कधीच नाही. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य थेट माथ्यावर येतो, तेव्हा दुपारी ती चकती सरळ शिळेवर. तुझी परीक्षा नेमकी मे महिन्यातच, आणि ऑगस्टात सूर्य पुन्हा माथ्यावर येतो तेव्हा कृष्णेला पाणी असतं. तेव्हा एप्रिलच्या शेवटी जा. चकती जरा कलती पडेल, चालेल. साडेबाराच्या आत मंडपात पोच, वही घेऊन जा, कार्डं घरी ठेव. डबा आणि पाणी बरोबर असू दे.

तुझा,
सर