फवारणीनंतर डोकं दुखतंय, पित्त असेल का?

प्रश्न: आमच्या ह्यांना द्राक्षबागेत औषध मारलं की संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, डोळ्यातनं पाणी येतं. पित्ताची गोळी घेतात, चालेल ना? (तासगावच्या एक ताई)

उत्तर: ताई, त्रास फवारणीच्याच दिवशी होतोय ना, मग पित्त समजून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बरीच कीटकनाशकं कातडीतनं पण अंगात जातात, नुसता तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, हातमोजे, चष्मा, मास्क, फुल बाह्यांचा शर्ट लागतोच आणि घरी आल्या आल्या साबणाने अंघोळ. पण लाळ गळायला लागली, दरदरून घाम आला, दम लागला, डोळ्यातली बाहुली बारीक झाली तर थांबायचंच नाही, लगेच १०८ ला फोन करा, औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत न्या, त्यावरून डॉक्टरांना इलाज पटकन ठरवता येतो. आणि मीठ-पाणी पाजून उलटी अजिबात काढू नका.