समाजशास्त्र-मानवशास्त्र एकत्र घेताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

दोन वह्या करू नका, एकच ठेवा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइम दोन्हीकडे भेटणारच.

- नातेसंबंधांची आकृती हाताने काढा: त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, बरोबरचं चिन्ह विवाह. स्वतःच्या तीन पिढ्या पुरेत, आत्या-मामा धरून.
- क्षेत्रटिपणं, म्हणजे लोकांत जाऊन जे पाहिलं-ऐकलं त्याची टिपणं, त्याच रात्री लिहा. ‘पाहिलं’ आणि ‘वाटलं’ वेगळ्या रकान्यांत. दोन दिवस गेले की माणसांचे नेमके शब्द गळतात, उरतो आपलाच सारांश.
- प्रश्नावली आधी पाच जणांवर तपासा. “जात मानता का?” याला बहुतेक जण ‘नाही’च म्हणतील. लग्नपत्रिका कुणाकुणाला दिल्या ते विचारा.

मानवशास्त्र म्हणजे आदिवासी, समाजशास्त्र म्हणजे शहर, ही वाटणी डोक्यातून काढा. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मुंबईत समाजशास्त्र शिकवत होते आणि आदिवासींवर लिहीतही होते. मानवशास्त्रातला शरीराचा भाग, म्हणजे अस्थींची मोजमापं, सध्या राहू द्या.