इंग्लंडमध्ये राहण्याजोगं नसलेल्या घरावर कौन्सिल टॅक्सची सूट कशी मागायची?

तुमचा प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये जुनं घर विकत घेतलंय, मागच्या खोलीचं छत खाली आलंय, जमिनीच्या फळ्यांखालचं लाकूड कुजलंय, तिथे कुणी राहूच शकत नाही. तरी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारखा कर) पूर्ण बिल पाठवलं आणि सूट मागितल्यावर एका ओळीत नकार दिला. सध्या भाड्याच्या घराचाही टॅक्स तुम्हीच भरताय.

काही वर्षांपूर्वी माझ्यावर हीच वेळ आली होती. दोन घरांचा टॅक्स दर महिन्याला खात्यातून जाताना कसा जीव जातो ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'घर राहण्याजोगं नाही' एवढं लिहून काम होत नाही. एकाच घराबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात, आणि तुम्ही कुठला विचारताय त्यावर उत्तर ठरतं.

पहिला प्रश्न सवलतीचा, म्हणजे सूट मिळते का. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की मोडक्या घराला वर्षभर टॅक्स माफ असतो. ते खरं होतं, पण 31 मार्च 2013 पर्यंत. 1 एप्रिल 2013 पासून इंग्लंडमध्ये ती सरसकट माफी गेली आणि किती सूट द्यायची हे प्रत्येक कौन्सिलवर सोपवलं गेलं. शून्य टक्के ते शंभर टक्के, काहीही. वेल्समध्ये अजून 12 महिन्यांची माफी आहे, त्यामुळे तिकडच्या मित्राचा अनुभव इथे लागू पडत नाही. तर आधी तुमच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर रिकाम्या घरांसाठी काय नियम आहे ते वाचा. तिथे शून्य लिहिलं असेल तर कितीही फोटो पाठवा, या वाटेने काही मिळणार नाही. बऱ्याच कौन्सिलनी ते शून्यावर आणलंय, आणि घर दुरुस्त करणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

सूट असेल तर मात्र नीट लढा. कायद्यात शब्द आहेत 'मोठी दुरुस्ती' किंवा 'बांधकामाच्या रचनेत बदल'. किचन उखडलंय, बॉयलर बंद आहे, भिंतींना ओल आहे, या गोष्टी सहसा मोठ्या दुरुस्तीत धरत नाहीत. माझा पहिला अर्ज नेमका याच तक्रारींनी भरलेला होता आणि तो फेटाळला गेला. दुसऱ्या वेळी मी जॉइस्टवर बोट ठेवलं, म्हणजे ज्यावर सगळ्या फळ्या पेलल्या जातात त्या तुळया. त्यात स्क्रूड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. तसाच रुतलेला ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट जोडला. मग कौन्सिलने माणूस पाठवला.

पण घर नुसतं मोडकं असून भागत नाही, ते रिकामंही असावं लागतं. कुणी राहत नाही आणि सामानही जवळजवळ काहीच नाही, असं. मी पुढच्या खोलीत पलंग आणि खोकी रचून ठेवली होती, ती त्या माणसाने लगेच टिपून घेतली. दुसऱ्या दिवशी सगळं हलवलं. आणखी एक, ही सूट जास्तीत जास्त 12 महिने मिळते आणि ते महिने घराला चिकटलेले असतात, मालकाला नाही. आधीच्या मालकाने त्यातले सात वापरले असतील तर तुमच्या वाट्याला पाचच येतात.

दुसरा प्रश्न याहून मोठा: हे मुळात 'घर' उरलंय का? कौन्सिल टॅक्स ज्या यादीवरून लागतो ती यादी व्हॅल्युएशन ऑफिस या सरकारी कार्यालयाकडे असते, कौन्सिलकडे नाही. यादीतून नाव निघालं की बिलच येत नाही. कसोटी मात्र कडक आहे. 2011 मध्ये विल्सन विरुद्ध कॉल या खटल्यात हायकोर्टाने सांगितलं की वाजवी प्रमाणात दुरुस्ती केल्यावर तिथे राहता येईल का, एवढंच बघायचं. ती दुरुस्ती परवडते की नाही हा मुद्दा नाही. त्यामुळे तुमच्या वर्णनावरून, एक छत आणि कुजलेले जॉइस्ट एवढ्यावर नाव निघेल असं मला वाटत नाही. छप्पर उडालंय, बाहेरच्या भिंती ढासळल्यात अशी अवस्था असेल तर जरूर अर्ज करा.

तिसरा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळ्यात महाग पडणारा तोच. एप्रिल 2024 पासून एक वर्ष रिकाम्या राहिलेल्या घरावर कौन्सिल शंभर टक्के जादा टॅक्स लावू शकते, म्हणजे बिल दुप्पट. घर विकलं गेलं तरी हे घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. कौन्सिलच्या दप्तरी घर कधीपासून रिकामं आहे, ती तारीख आजच ईमेलवर मागवा. दिलासा एवढा की 1 एप्रिल 2025 पासून मोठी दुरुस्ती लागणाऱ्या किंवा चालू असलेल्या रिकाम्या घराला 12 महिन्यांपर्यंत हा जादा टॅक्स लावता येत नाही. ही सवलत देशपातळीवरच्या नियमातली आहे, कौन्सिलच्या मर्जीवर नाही. तुमचे फोटो आणि रिपोर्ट इथेही उपयोगी पडतील.

नकार मान्य नसेल तर आधी कौन्सिललाच लेखी कळवा की निर्णयाशी तुम्ही सहमत नाही. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. त्याला फी नाही. तिथे तुमचं घर नियमात बसतं का हे तपासतात. सूट शून्य का ठेवली यावर मात्र तिथे भांडता येत नाही. दोन टॅक्स भरून खरंच ओढाताण होत असेल तर 1992 च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अ‍ॅक्टच्या कलम 13अ खाली कौन्सिल कुणाचंही बिल कमी करू शकते, त्यासाठी उत्पन्न आणि खर्चाचे कागद लागतील. तोवर हप्ते थांबवू नका. समन्स निघालं की त्याचा खर्चही तुमच्याच बिलात चढतो.

आणि बिल्डरला जरा थांबवा. माझ्याकडे कौन्सिलचा माणूस आला तेव्हा निम्मे जॉइस्ट बदलून झाले होते. कुजलेलं लाकूड कचऱ्याच्या स्किपमधून गेलं होतं, हातभर तुकडा तेवढा मी बाजूला ठेवला होता. तो आणि तारखेसकट फोटो, यावरच माझं निभावलं.

कौन्सिलच्या त्या एका ओळीत नेमकं काय कारण दिलंय ते इथे लिहा. 'आमच्याकडे सूट नाही' आणि 'तुमचं घर बसत नाही' ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत.