हात लागण्याआधी त्याला कळू द्या

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मोती कुत्र्याला वर्षभरापासून दिसत नाही, ऐकूही फार कमी येतं. नखं वाढल्यामुळे फरशीवर पाय घसरतो. पण पंजाला हात लावला की चावायला येतो. चौघं मिळून धरलं तरी जमत नाही. काय करावं?
— एक वाचक, औसा

उत्तर : चौघांनी धरणं आजच बंद करा. त्याला हात येताना दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. पंजा एकदम पकडला जातो, म्हणून तो दात काढतो. आधी सांधे आणि कान तपासून घ्या. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. दुखणं असेल तर शिकवणीने ते जात नाही.

रोज एकाच जागी तेच पोतं अंथरा. पायाखाली ते लागलं की त्याला काय चाललंय ते कळतं. हात नाकापुढे धरून वास घेऊ द्या, मग खांद्यावर दोन बोटं टेकवा आणि लगेच हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. क्रम चुकवू नका. खाऊ आधी हुंगवून पंजा धरलात, तर त्या वासानेच तो बिचकायला लागेल. दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढं पुरे. पुढे तोच हात न उचलता खांद्यावरून कोपरापर्यंत, मग पंजापर्यंत सरकवा. हनुवटी घडी केलेल्या टॉवेलवर टेकवायलाही असंच शिकवा. हनुवटी टेकलेली असेपर्यंत काम चालू, उचलली की हात बाजूला. थांबवणं आपल्या हाती आहे हे पटलं की तो स्वतःहून टेकवतो. ओठ चाटले, अंग ताठ केलं, तर एक पायरी मागे या.

नेलकटर चार-पाच दिवस नुसता नखाला टेकवा. मग दिवसाला एकच नख, 1 ते 2 मिमी. काळ्या नखाच्या कापलेल्या तोंडावर मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा, त्यामागेच रक्तवाहिनी असते. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. अंगठ्याची नखी विसरू नका. ती जमिनीला घासत नाही, वळून मांसात रुतते.

प्रश्न : जन्मतः बहिऱ्या पिल्लाला ट्रिमरची भीती वाटते, ती कशामुळे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आवाज नाही, थरथर. पहिले काही दिवस बंद ट्रिमर अंगाला लावा. मग चालू ट्रिमर आपल्या हाताच्या पंजात धरून हाताची पालथी बाजू त्याच्या खांद्याला टेकवा. थरथर हातातून मऊ होऊन पोचते. प्रत्येक वेळी आधी समोरून उघडा तळवा दाखवा, आणि झोपेत असताना कधीच सुरुवात करू नका.