स्लीव्ह की बायपास? आधी एंडोस्कोपी करून घ्या

ताई, तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३८ आहे, मधुमेह आहे, रात्री छातीत जळजळतं आणि डॉक्टरांनी वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह ही जठराची शस्त्रक्रिया सुचवली आहे. अशा शस्त्रक्रियेसाठी भारतीयांना मधुमेहासारखा आजार असेल तर बीएमआय ३२.५, नसेल तर ३७.५ ही मर्यादा बरीच वर्षं वापरात आहे. म्हणजे शस्त्रक्रियेच्या निकषात तुम्ही बसता. माझी काळजी त्या जळजळीची आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून काढतात. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. आधीची जळजळ त्यामुळे वाढू शकते, आणि काढलेलं जठर परत बसवता येत नाही. दुसरा पर्याय रू-एन-वाय बायपासचा. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्याने जळजळ बहुधा कमी होते, साखरही सहसा जास्त आटोक्यात येते. पण लोह, कॅल्शियम, बी१२ कमी शोषलं जातं. त्यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, रक्ततपासणीही दरवर्षी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि धूम्रपान यांमुळे जोडावर अल्सर होतो. मिश्रीसकट सगळी तंबाखू आधीच बंद करा.

म्हणून आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका आणि जठर बघणं. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का, अन्ननलिकेला सूज किती, एच. पायलोरी हा जठरातला जंतू आहे का, हे त्यात कळतं. सूज बरीच असेल तर ‘तरीही स्लीव्ह का?’ असं सर्जनना सरळ विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

शाकाहारी असाल तर प्रथिनांचा हिशोब आत्ताच मांडा. रोज ६० ते ८० ग्रॅम लागतात. वाटीभर शिजलेल्या वरणात जेमतेम ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. सुरुवातीला पोटात मावतंच थोडं, तेव्हा प्रोटीन पावडरला पर्याय नसतो.

घरी आल्यावर ताप, वाढतं पोटदुखणं किंवा नाडी १२०च्या पुढे असेल तर टाक्यांच्या रेषेतून गळती होत असू शकते. सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. उलट्या थांबतच नसतील तर बी१ घटतं आणि मेंदूला इजा होते. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावू देऊ नका, आधी थायमिन (म्हणजेच बी१) द्यायला सांगा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस शस्त्रक्रियेनंतर लगेच कमी करावा लागतो, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते.

विम्याचे निकष वेगळे आहेत: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्यात मधुमेह ‘अनियंत्रित’ असावा लागतो. त्यामुळे एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) जुने रिपोर्ट आणि आहार-औषधांचे कागद जोडा, आणि तारीख ठरवण्याआधी लेखी मंजुरी घ्या.