थायलंडच्या खेड्यांत पुराचं पाणी महिना-महिना का थांबतं? तिथले लोक घर, भात आणि रस्ते कसे सांभाळतात?

तुमचा प्रश्न असा आहे की थायलंडच्या पुराच्या बातम्यांत तीच तीच गावं आठवडेच्या आठवडे पाण्यात दिसतात, तर पाणी उतरत का नाही आणि लोक तिथे राहतात कसे. मी उत्तर मुख्यतः मध्य थायलंडच्या मैदानाबद्दल देतो, कारण ठाण मांडून बसणारा पूर तिथला. उत्तरेला मे सायसारख्या डोंगरपायथ्याच्या गावात (सप्टेंबर २०२४, यागी वादळाचा पाऊस) पाणी काही तासांत येतं आणि मागे गुडघाभर चिखल ठेवून जातं. दक्षिणेचा पूर नोव्हेंबर-डिसेंबरात, ईशान्य मोसमी पावसाचा. ते हिशेब निराळे.

पिंग, वांग, योम आणि नान या चार नद्या उत्तरेकडून येऊन नाखोन सवानजवळ एक होतात आणि तिथून चाओ फ्राया सुरू होते. पिंगवर भूमिबोल आणि नानवर सिरिकित ही प्रचंड धरणं आहेत. योमवर मात्र मोठं धरणच नाही, म्हणून सुखोथायला दर एक-दोन वर्षांनी फटका बसतो. शहरातून योमचं पात्र सेकंदाला साधारण ५५० घनमीटर पाणी नेऊ शकतं, आणि वरून त्याच्या दुप्पट-तिप्पट येऊ शकतं. नाखोन सवानपासून समुद्रापर्यंत नदीला सुमारे ३७० किलोमीटर जायचं असतं आणि एवढ्या अंतरात उतार जेमतेम पंचवीस मीटरचा. अयुथयाची जमीन समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटरवर. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आखाताला मोठी भरती येते, ती नदीचं पाणी मागे रेटते.

खरी गोम पुढे आहे. नदी खाली जाताना रुंद होण्याऐवजी आवळत जाते. चाइनातच्या चाओ फ्राया बंधाऱ्याखाली पात्र सेकंदाला सुमारे २८०० घनमीटर पेलतं, पण अयुथया शहराजवळून त्याच्या निम्मंही धड जात नाही. म्हणून बंधाऱ्यातून विसर्ग ७०० च्या पुढे गेला की नदीच्या बांधाबाहेरच्या बांग बान, सेना, फाक हाय भागातल्या सखल गावांत पाणी शिरू लागतं. ही गावं पाण्यात जातात म्हणून शहरं आणि कारखाने कोरडे राहतात. हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत आहे, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. बांग बान ते बांग साय असा २२.५ किलोमीटरचा, सेकंदाला १२०० घनमीटर क्षमतेचा वळणकालवा याच अडचणीसाठी खोदायला घेतला आहे.

त्यामुळे तिथे पहिला सवाल 'पाणी किती चढेल' हा नसतो, 'किती दिवस राहील' हा असतो. घर, पीक, रस्ता, मदतीची रक्कम, सगळ्याचं गणित दिवसांवर बसतं.

आधी इशारा कसा वाचायचा ते. पावसाचे आकडे बघत बसू नका, मापन केंद्रं बघा. थायवॉटर या सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर प्रत्येक केंद्राची पातळी आणि विसर्ग रोज दिसतो. नाखोन सवानचं केंद्र सी.२ आणि बंधाऱ्याखालचं सी.१३. सी.२ चा आकडा चढला की साधारण एका दिवसाने बंधाऱ्यावर त्याचा परिणाम दिसतो. मधे उथाय थानीकडून साके क्रांग नदी येऊन मिळते, तिची भर धरायची. २०११ च्या महापुरात, जेव्हा ७७ पैकी ६५ प्रांत बाधित झाले, सी.२ वर ४६८६ घनमीटरची नोंद झाली होती. अयुथयाच्या लोकांना सी.१३ वर १५००, २०००, २५०० म्हणजे आपल्या जिन्याची कितवी पायरी, हे तोंडपाठ असतं. घराच्या खांबावर दरवर्षीच्या पाण्याची खूण आणि शेजारी त्या दिवसाचा सी.१३ चा आकडा लिहून ठेवावा. कुठल्याही नकाशापेक्षा ही खूण जास्त खरं सांगते. ईशान्येला मून नदीकाठच्या उबोन राचाथानीला हेच काम एम.७ केंद्र करतं. तिथे पाणी समुद्रसपाटीपासून ११२ मीटरला पोचलं की काठ बुडू लागतो.

घराचं सांगायचं तर जुनं थाई घर खांबांवर, जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच. खालच्या मोकळ्या जागेला 'ताय थुन' म्हणतात. कोरड्या दिवसांत तिथे माग, गुरं, झोपाळा. पुरात तिथे होडी बांधलेली. घात झाला तो ही जागा विटांनी बंद करून खोल्या काढल्या तेव्हा, आणि जमिनीलगत सिमेंटची बैठी घरं आली तेव्हा. लाकडी घर अजूनही उचलून घेता येतं आणि त्याचे कारागीर त्या भागात आहेत. प्रत्येक खांबाखाली एक जॅक लावतात आणि सगळे जॅक एकाच वेळी थोडे थोडे फिरवतात. एक खांब जरी दोन-तीन बोटं पुढे गेला तरी सांगाडा पिळवटतो, सांधे उघडतात, कौलं सरकतात. दर टप्प्याला खाली लाकडी ओंडक्यांची चौकट रचत जातात, म्हणजे जॅक सटकला तरी घर बसत नाही. शेवटी खाली काँक्रीटचे खांब जोडतात.

बैठ्या घराला वाळूच्या पोत्यांचा बांध घालायचा असेल तर पोतं निम्म्याहून थोडंच जास्त भरायचं. गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि मधून पाणी झिरपतं. तोंड दुमडून खाली दाबायचं, थर विटांसारखे सांधेमोड रचायचे, पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवायची आणि पाण्याच्या बाजूला जाड प्लास्टिक पसरायचं. दोन-तीन फुटांच्या वर मात्र हट्ट करू नका. आत कोरडं आणि बाहेर कमरेएवढं पाणी महिनाभर राहिलं की साधी विटांची भिंत आत कोसळते. त्यापेक्षा सामान वर चढवून पाणी आत घेणं शहाणपणाचं. पूर ओसरल्यावरही पंप लावून एका दिवसात घर उपसू नका, रोज फूटभर पाणी कमी करा. बाहेरची माती भिजलेली असते, तिचा दाब एकदम भिंतीवर येतो.

विजेबद्दल हयगय नको. २०११ मध्ये बुडण्याखालोखाल मृत्यू विजेच्या धक्क्याने झाले. खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं, त्याचा ब्रेकर वरच्या मजल्यावर आणि सॉकेट जुन्या पूररेषेच्या वर, अशी रचना करून घ्यावी. पाणी सॉकेटला लागायच्या आतच ब्रेकर पाडायचा. पाण्यात उभं राहून तो पाडायला जायचं नाही. मग वीज मंडळाला ११२९ वर कळवायचं.

संडासाचा शोषखड्डा पाण्याखाली गेला की मैला उलटा वर येतो. पाइपाला बोळा घालून झाकण दाबून ठेवायचं आणि भोक पाडलेल्या खुर्चीखाली बादली, आत पिशवी, वर मूठभर चुना अशी सोय करायची. पाण्याचे मोठे रांजण रिकामे ठेवू नयेत. रिकामा रांजण तरंगतो आणि खांबावर आपटून फुटतो. ते भरून, तोंड बांधून ठेवायचे. हजार लिटर नितळ पाण्याला ६० टक्क्यांची क्लोरीन पावडर ३ ते ४ ग्रॅम पुरते. अर्ध्या तासाने हलका वास यायला हवा, न आल्यास तेवढीच पुन्हा. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून घ्यायचं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

पायांची काळजी लोक शेवटी घेतात आणि तिथेच चुकतात. थाईत 'नाम कात थाओ' म्हणतात, म्हणजे पाणी पाय चावतं. आपण त्याला चिखल्या म्हणतो. त्या भेगांतूनच लेप्टो शिरतो आणि विशेषतः ईशान्येकडे मेलिऑइडोसिस हा गंभीर जंतुसंसर्ग. याचे जंतू भातखाचराच्या मातीतच असतात. मधुमेह असलेल्या माणसाने तर गुडघ्यापर्यंतच्या बुटांशिवाय पाण्यात उतरूच नये. पाण्यात वावरल्यानंतर ताप आला तर डॉक्टरला 'पुराच्या पाण्यात होतो' हे आपणहून सांगायचं, कारण मेलिऑइडोसिसला नेहमीची प्रतिजैविकं पुरत नाहीत.

आता भात. सगळ्यात सुंदर उपाय भाताने स्वतःच शोधलेला आहे. प्राचीनबुरी आणि अयुथयाच्या खोल खाचरांत तरंगता भात होतो. मे महिन्यात कोरड्या जमिनीत फेकून पेरतात, सप्टेंबरात पाणी चढतं तसं खोड पेरं लांबवत पाण्याबरोबर वर जातं. अनुकूल स्थितीत दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटर. पाण्यात बुडलेल्या पेरांत इथिलीन वायू साठतो आणि तो वाढीला चालना देतो. पाणी ओसरलं की तीन-चार मीटर लांब खोडं चटईसारखी जमिनीवर आडवी पडतात आणि फक्त शेंडे गुडघा वाकवावा तसे वर वळतात, म्हणून लोंब्या चिखलाला टेकत नाहीत. कापणी डिसेंबर-जानेवारीत. अडचण उत्पन्नाची. एकरी आठ क्विंटलच्या आसपास, आणि अख्खं वर्ष त्यातच जातं. सिंचनाच्या भाताला त्याच्या दुप्पट-अडीचपट येतं आणि वर्षातून दोन पिकं निघतात. म्हणून तरंगता भात मागे पडला.

त्याच्या जागी फित्सानुलोकच्या बांग राकाम भागात २०१७ पासून पेरणीची तारीख हलवली गेली. पाटाचं पाणी १ एप्रिलपासून सोडतात, साधारण साडेतीन-चार महिन्यांचं वाण पेरतात आणि जुलैअखेर मळणी उरकतात. मग ऑगस्टच्या मध्यापासून योमचं जादा पाणी त्याच रिकाम्या खाचरांत घेतात. पहिल्या वर्षी क्षेत्र २ लाख ६५ हजार राय होतं, पुढे ३ लाख ८२ हजार झालं (अडीच राय म्हणजे जवळजवळ एक एकर), आणि त्यात सुमारे ५५ कोटी घनमीटर पाणी मावतं. तीन महिने शेतात मासेमारी चालते आणि नोव्हेंबरात पाणी सोडून पुढचा भात पेरतात. योजना चांगली आहे, पण तिचा जीव तारखेत आहे. एप्रिलमध्ये कालव्याला पाणी उशिरा आलं किंवा कापणीयंत्रं वेळेत मिळाली नाहीत, तर पीक दाणा भरताना बुडतं. दुसरी गफलत पेंढ्याची. शेतात राहिलेला पेंढा पाण्यात कुजतो, पाणी काळं पडतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पेंढ्याचे गठ्ठे बांधून पाणी घेण्याआधी बाहेर काढणं म्हणूनच महत्त्वाचं.

अवेळी बुडालेल्या भाताचं काय? रोप कोवळं असेल आणि पाणी निवळ, थंड असेल तर आठवडाभर तग धरतं; गढूळ, कोमट पाण्यात लवकर कुजतं. पोटरीत किंवा निसवताना बुडालं तर तीन-चार दिवसांत पीक गेलंच म्हणा. पाणी उतरताना सगळं एकदम काढू नका, चार-पाच सेंटिमीटर राहू द्या, कारण बुडून मऊ झालेली पानं भर उन्हात करपतात. युरिया लगेच टाकू नका. नवं पान फुटलेलं दिसलं, म्हणजे पाच-सात दिवस गेले, की मग टाका. पिकलेला भात होडीतून विळ्याने कापावा लागला तर ओल २५ टक्क्यांच्या वर असते, आणि थायलंडमध्ये दर १५ टक्के ओलीवर ठरतो. ओला भात ढीग करून एक रात्र ठेवला तरी तापतो आणि पिवळा पडतो. चार-पाच सेंटिमीटरचा पातळ थर पसरून दर तासा-दोन तासाने फिरवायचा.

खाचर उपसायला तिथे 'थो फाया नाक' वापरतात, म्हणजे नागराजाचा पाइप. लांब लोखंडी नळी, आत पंखा, आणि वर पॉवर टिलरचं इंजिन पट्ट्याने जोडलेलं. पाणी मीटर-दोन मीटरच उचलायचं पण भरपूर उचलायचं असेल तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. आपल्या विहिरीवरच्या पंपाचं काम उलटं असतं, उंची जास्त आणि पाणी कमी. पंप लावण्याआधी बांधाची भगदाडं बुजवा, नाहीतर तेच पाणी फिरून आत येतं. फळबागेत तर पाणी उतरल्यावर माती सुकेपर्यंत पाऊलही टाकू नका. ओली माती तुडवली की मुळांचा श्वास कोंडतो. ड्युरियन आणि पपई सगळ्यात आधी जातात.

रस्ते हा तिथला भांडणाचा विषय. सपाट प्रदेशात प्रत्येक रस्ता भरावावर असतो, म्हणजे तो बांधच. मोऱ्या अपुऱ्या असतील तर एका बाजूला पाणी फूट-दोन फूट जास्त तुंबतं आणि वरचं गाव रस्ता फोडा म्हणतं, खालचं गाव फोडू देत नाही. पाणी रस्त्यावरून वाहू लागलं की खालच्या अंगाची कड पोखरते. डांबर वरून शाबूत दिसतं आणि खाली पोकळी असते. म्हणून दोन्ही कडांना लाल-पांढऱ्या काठ्या रोवतात. वाहत्या पाण्यातून मोटरसायकल घालू नका, साचलेलं फूटभर असलं तरी पुढे काठी टेकत माणूस चालवा. पूर ओसरल्यावर पाया भिजलेला असेपर्यंत भाताचे भरलेले ट्रक सोडले तर पुराने वाचलेला रस्ता ट्रक मोडतात. ग्रामीण रस्त्यांची चौकशी ११४६ वर, आपत्ती मदत १७८४ वर, रुग्णवाहिका १६६९ वर.

शेवटी पैशाचं. पिकाची मदत मिळायला शेतकऱ्याने पेरणीची नोंद कृषी विस्तार कार्यालयात पूर येण्याआधी केलेली असावी लागते, आणि प्रांताच्या राज्यपालाने तो भाग आपत्तीग्रस्त जाहीर केलेला असावा लागतो. २०२१ मध्ये ठरलेला दर भाताला रायला १३४० बाट, म्हणजे एकरी सुमारे ३४०० बाट, तोही पीक पूर्ण गेलं तर आणि ३० रायपर्यंतच. घरांसाठी २०२४ मध्ये आधी दिवसांवर रक्कम ठरवली होती: महिन्याच्या आत ५०००, दोन महिन्यांपर्यंत ७०००, त्यापुढे ९००० बाट. ऑक्टोबरात ते बदलून सरसकट ९००० केले. फोटो काढताना खांबावरची पाण्याची खूण आणि तारीख दोन्ही दिसू द्या, पाणी चढतानाचा एक आणि उतरतानाचा एक, आणि ग्रामप्रमुखाची, म्हणजे 'फू याय बान'ची सही पाणी असतानाच घ्या. पाणी गेल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसाला सुकलेल्या भिंतीवर फारसं काही दिसत नाही.