कॉर्नफ्लॉर किती घालू, म्हणतेस?

प्रिय मुली,

तुझा निरोप रात्री पावणेबाराला वाचला. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, गारठलेली बोटं, पुढ्यात परीक्षेची पुस्तकं आणि इंडक्शनवर तिसऱ्यांदा फसलेलं सूप. ‘काकू, कॉर्नफ्लॉर किती घालू? कमी घातलं तर पाणी, जास्त घातलं तर खळ.’ जीव कळवळला आणि रागही आला. किती काय विचारतेस? घालूच नकोस. दाटपणा दाण्यातून आला पाहिजे.

तू रत्नागिरीची. तुमच्याकडच्या कुळथाला आम्ही देशावर हुलगे म्हणतो. कुळथाच्या पिठीवर वाढलेल्या पोरीनं कॉर्नफ्लॉरचं माप विचारावं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुझं काय चुकलं ते ऐक. कॉर्नफ्लॉर म्हणजे मक्याचं स्टार्च. ते उकळीला फुगतं, म्हणून सूप झटकन दाट दिसतं. त्यात लिंबू पिळून ते उकळत ठेवलं की पुन्हा सैल पडतं आणि रात्रभर राहिलं की पाणी सोडतं. तू दोन्ही केलंस.

आता माझं ऐक. अर्धी वाटी हुलगे रात्रभर भिजव. सकाळी सहा वाट्या पाण्यात कुकरला लाव. पहिली शिट्टी झाली की आच कमी कर आणि अर्धा तास अभ्यासाला बस. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. नाही चिरडला तर आणखी दहा मिनिटं ठेव, पण इथे घाई केलीस तर पुढचं सगळं फुकट. मग वरचं पाणी, म्हणजे कट, गाळून घे. निम्मे दाणे रवीनं चांगले घोट आणि सगळं त्याच कटात परत घाल. हा अंगचा दाटपणा. दुसऱ्या दिवशी सूप गरम केलंस तरी टिकतो.

चमचाभर तुपात जिरं, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसूणपाकळ्या. लसूण तांबूस झाला की लाल भोपळा आणि गाजराच्या फोडी परतून घे आणि त्यावर तो कट ओत. भोपळा निम्मा विरघळेपर्यंत मंद शिजू दे, तोही दाटपणाच देतो. मीठ, मिरपूड. दोन आमसुलं भाज्या शिजल्यावरच टाक, आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही. पातळ करायचं झालं तर पाणी उकळतं घाल. बाकी तुला जमेल.

मी यावर इतकी का अडते? आईचा शेवटचा हिवाळा होता. ‘हुलग्याचं कढण कर गं,’ एवढंच तिचं मागणं. मी चिंचवडला नोकरीला होते, दोन बस बदलून शनिवार पेठेत पोचेपर्यंत साडेआठ व्हायचे. तिची औषधं, स्वयंपाक, भाऊ परगावी. मी पाकिटातलं सूप उकळून वाटी पुढे केली. तिनं दोन घोट घेतले, ‘छान झालंय’ म्हणाली आणि वाटी खाली ठेवली.

माझ्या जागी दुसऱ्या कुणी काय केलं असतं? मी कामचुकार नव्हते, हे आजही सांगते. रोज दहा तास बाहेर राहणाऱ्या बाईकडून कुणी काय काय मागायचं? पण हुलगे भिजत घालायला दोन मिनिटं लागतात. पुढचं काम रात्र करते, मग कुकर करतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तुझं ‘वेळ नाही काकू’ मी ऐकून घेणार नाही. दाटपणा दाण्यातूनच येऊ दे.

मंडईच्या आसपासच्या कुठल्याही वाण्याकडे हुलगे मिळतील. आज रात्रीच भिजत घाल. त्याआधी दिव्याखाली ताट धरून नीट निवड, हुलग्यातले खडे हुलग्याच्याच रंगाचे असतात.

तुझी काकू